बंद मिलच्या भिंतीवरून उड्या मारून फोटो काढणाऱ्यांनो, एक मिनिट

गणेशपेठकर:
काल इथं एका पोराने आपल्या नागपूरच्या एका बंद मिलचे आतले बारा फोटो टाकले, वर लिहिलं, "विसरलेली जागा, मागची भिंत पडली आहे, तिकडून सहज जाता येतं." तेव्हापासून डोकं गरम आहे म्हणून लिहून राहिलो. विसरलेली कोणाची बे? माझे बाबा तिथं 26 वर्षं होते, भोंगा वाजला की आई तवा चढवायची. चौथ्या फोटोत भिंतीत खिळ्यांची एक रांग आहे, डबे टांगायची, प्रत्येक खिळ्याखाली पिशवी घासून घासून भिंत काळी झाली आहे. मी तेवढंच मोठं करून पाहत बसलो. आणि याने खाली लिहिलं काय, तर "भुताटकी वाटते". वरून रस्ता सांगून ठेवला, आता भंगारवाले उरलंसुरलं लोखंड नेतील.

कॅमेरावाला_धरमपेठ:
काका, ते फोटो माझेच. रागवा, पण एम्प्रेस मिलचं काय झालं ते पण बघा ना. 1 जानेवारी 1877 ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली मिल, 2002 ला बंद, आज तिथं मॉल. माझ्या वयाच्या कोणी ती आतून पाहिली? परवानगीचं म्हणाल तर एका ऑफिसात तीन महिने चकरा मारल्या, दरवेळी "साहेब नाहीत, सोमवारी या". सोमवारची वाट पाहता पाहता छप्पर पडलं असतं.

मानेवाडा_ताई:
छप्पर पडेलच, तू त्याच्यावर चढू नको म्हणजे झालं. माझा मावसभाऊ असाच एका जुन्या गोदामावर फोटोसाठी चढला. सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो पण खाली लोखंडी अँगलचा आधार असेल तिथंच वजन घेतो, मधे पाय ठेवला की संपलं. पाय दोन जागी मोडला, अर्धा तास आत पडून, फोनला रेंज नाही. आणि त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, फुटला की ती धूळ छातीत जाते. मावशीने गहाण टाकलेल्या बांगड्या अजून सुटल्या नाहीत.

छोटीलाईन_इतवारी:
मिलचं सोडा, नॅरोगेजचं, आपल्या छोट्या रुळावरच्या गाडीचं, कोण बोलते? छिंदवाड्याची 2015 मध्ये बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. मी शेवटच्या महिन्यात रुळावरून चालत चालत फोटो काढले म्हणून आज माझ्याजवळ काहीतरी आहे. अडीच फुटाचे रूळ, आता उखडले. चोरून काढले तर चोरून काढले.

रेल्वेतला_माणूस:
भाऊ, रुळावर विनापरवाना शिरणं म्हणजे रेल्वे कायद्याचं कलम 147, सहा महिन्यांपर्यंत कैद नाही तर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही फोटो काढून घरी जाता, मेलेला माणूस रुळावरून उचलावा आम्हाला लागते. मी उचलला आहे. नॅरोगेज पाहायची तर मोतीबागचं संग्रहालय आहे.

छोटीलाईन_इतवारी:
संग्रहालयात रंग मारून उभं केलेलं इंजिन म्हणजे गाडी नाही!

उमरेडचा:
तुम्हाला ती गाडी फोटोत पाहायची होती, आम्हाला तिच्यात बसावं लागायचं. आईला दवाखान्यात आणताना उमरेडहून निघालो की नागपूर येईस्तोवर ऊन डोक्यावर. ब्रॉडगेज, रुंद रुळाची लाईन, पाहिजेच होती, त्या छोट्या गाडीसाठी कोणी रडू नका.

छोटीलाईन_इतवारी:
रडणारच. माझे आजोबा तिच्यावर गार्ड होते. ब्रॉडगेज नको कोण म्हणते? एक तुकडा तरी चालता ठेवायचा होता.

उमरेडचा:
तुकड्याचं ठीक आहे. तेवढं मानतो.

गणेशपेठकर:
अरे धागा मिलचा आहे! धरमपेठवाल्या, पोरा, फोटो चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण मिलच्या मागच्या चाळीत अजून जुने कामगार राहतात, एकाला तरी विचारलं असतं तर कोणतं खातं कुठं होतं ते त्याने सांगितलं असतं. तू नुसत्या भिंती काढल्या. रस्त्याची ओळ आधी काढ.

कॅमेरावाला_धरमपेठ:
ओळ काढली काका. ती भुताटकी पण काढली. चाळीत जायचं सुचलंच नाही, ही चूक माझी. पण आत गेलो त्याची माफी नाही मागणार.

गणेशपेठकर:
नको मागू. खिळ्यांचा फोटो बाबांना दाखवला. चष्मा पुसून दोनदा पाहिला, म्हणाले हे आमचं खातं नाही, आमचं पलीकडे, विहिरीच्या अंगाला. आत कोणी जाऊ नका म्हणून मलाच रागावले. मग रात्री जेवता जेवता विचारलं, त्या पोराजवळ पलीकडचा फोटो आहे का.