चाळणी चौथीनंतर की पहिलीआधी?

शहापूरवाला (धागा सुरू):
चुलत भाऊ म्युनिकला असतो. पोरगा चौथीत, घरात दहावीसारखं वातावरण. तिथं चौथीनंतरच ठरतं, मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी श्रेणी २.३३ किंवा त्याहून चांगली (तिथं १ म्हणजे उत्तम), तरच सरकारी गिम्नाझियमची (विद्यापीठाकडं नेणारी शाळा) वाट थेट मोकळी. फिनलंडमध्ये मात्र सातव्या वर्षापासून सोळापर्यंत सगळी एकाच प्रकारच्या शाळेत.

आपण बेळगावकर जर्मनांच्याही पुढं. मूल पाच वर्षांचं झालं की चाळणी लावतो: मराठी शाळा, कन्नड शाळा की इंग्लिश मीडियम. माझं मत, चाळणी जितकी लवकर, तितकी मार्कांत घरची ऐपत जास्त दिसते. पोलंडनं १९९९ मध्ये ही विभागणी एक वर्ष पुढं ढकलली. पिसा परीक्षेत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) त्यांचे वाचनाचे गुण २००० मध्ये ४७९ होते, २०१२ ला ५१८ झाले.

खानापूरचा मास्तर:
फिनलंडचं कौतुक आता जरा आवरा. गणितात २००६ ला ५४८, २०२२ ला ४८४. शाळा तीच, चाळणी नाहीच, तरी घसरले. आणि २०२२ ला ५७५ गुणांनी पहिलं आलेलं सिंगापूर सहावीच्या शेवटी परीक्षा घेऊन पोरं वेगळी करतं. खरा प्रश्न वर्गात कोण उभं आहे हा. फिनलंडमध्ये प्राथमिकच्या शिक्षकालाही मास्टर्स लागतं. आमच्याकडं पाच इयत्तांना मी आणि एक अतिथी शिक्षक. तोसुद्धा जूनमध्ये येईलच असं नाही.

वडगावची आई:
सिंगापूरचं नाव काढलंच आहे तर पुढचंही सांगा की. तिथं शिकवतात इंग्लिशमधून, मातृभाषा एक विषय. मीही तेच केलं, तर चाळणी लावली म्हणता? माध्यम पालकांनी निवडायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये कर्नाटक सरकारलाच सांगितलंय.

निपाणीकर:
ताई, सिंगापुरात सगळीच पोरं इंग्लिशमधून शिकतात. इथं फक्त ज्यांना फी परवडते त्यांचीच. फरक तिथं आहे. एस्टोनिया बघा, २०२२ ला गणितात ५१०, युरोपात वरचं. पण त्यांच्याच रशियन माध्यमाची मुलं मागं राहायची. २०२४ पासून त्या शाळा टप्प्याटप्प्यानं एस्टोनियन माध्यमात नेतायत. (हा दाखला कन्नड संघटनांना कुणी देऊ नका, हात जोडतो.)

शहापूरवाला:
मास्तर, शिक्षकांचं मान्य. पण इंग्लिश मीडियमला गेलेल्या घरांतले आईबाप मराठी शाळेत असते, तर शिक्षकासाठी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन बसले असते. ती माणसंच आपण बाहेर काढली.

वडगावची आई:
मास्तर, राग मानू नका, तुमची मुलगी कुठल्या शाळेत?

खानापूरचा मास्तर:
इंग्लिश मीडियम. बायको म्हणाली, तुम्ही पाच इयत्ता एकदम सांभाळणार, हिला कधी शिकवणार?

शहापूरवाला:
म्हणजे बीईओ ऑफिसात बसायला तुम्हीपण नाही की ओ.