कोल्हापुरात शनिवार-रविवार करायचं काय? (पाहुण्यांना दाखवायची यादी नको!)

नमस्कार मंडळी,

पुण्यात अकरा वर्षं काढून जूनमध्ये आम्ही कोल्हापूरला परत आलो. सासर राजारामपुरीत, माहेर गडहिंग्लजचं, म्हणजे गाव काही परकं नाही. तरी शनिवारी दुपारी चहा झाला की घरात एकच प्रश्न उठतो, "आज कुठं?" आणि उत्तरही ठरलेलं. रंकाळा, भेळ, घर. गेल्या रविवारी चौपाटीवर धाकटी म्हणाली, "आई, तेच कणीस, तोच कट्टा." मला काही बोलताच येईना.

घरची माणसं सांगते, म्हणजे सुचवायला बरं पडेल. मुलगा नववीत, त्याला आमच्यासोबत कुठंही यायचं नसतं. मुलगी तिसरीत, तिला सगळीकडे यायचं असतं. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण घरी ठेवून गेलं की राग येतो. यांना शनिवारी अर्धा दिवस कारखाना, रविवारी सुट्टी. एक जुनी छोटी गाडी आणि एक स्कूटर. शनिवार-रविवार मिळून हजार रुपयांपर्यंत खर्च चालेल, त्यावर दर आठवड्याला नाही.

मोबाईलवर शोधलं की अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, कणेरी मठ. ही पाहुण्यांची यादी. मावशी आली, नणंद आली, यांचे पुण्याचे मित्र आले, अशा सहा महिन्यांत कणेरी मठाच्या चार वाऱ्या झाल्या. तिथल्या पुतळ्यांतल्या न्हाव्याचं माझ्या मुलीनं बारसंसुद्धा केलंय.

मला बघायची नव्हे, करायची ठिकाणं हवीत. जिथं पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल, मुलांच्या हाताला काही काम असेल. शिबिरांचा अनुभव घेऊन झाला. ऑगस्टमध्ये एका ठिकाणी 'मातीकाम' म्हणून बाराशे रुपये भरले. माती म्हणजे बाजारातला रंगीत क्ले आणि गणपती साच्यातला. पोरीकडे फक्त दाबायचं काम.

आणि हो, महिन्यातून एखादी संध्याकाळ आम्हा दोघांनाही हवी. त्यासाठीही सुचवा, लाजू नका.

— राजारामपुरीची सून


चिरमुरे_कमी: ताई, मॉल आहे की! एसी पण असतो. (पळालो.)


तालमीतला: वहिनी, पोराचं माझ्याकडं सोडा. हंगाम चालू झालाय, शाहू स्टेडियमला आणा त्याला. फुटबॉल म्हटल्यावर बाहेरच्यांना कलकत्ता आणि गोवा आठवतं, हितं पेठेपेठेला तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. घरात दोघे भाऊ दोन संघांचे असले तर त्या रात्री जेवताना बोलत नाहीत. तिकीट फार नसतंय. एकच सांगतो, पहिल्यांदा आणताना लीगच्या सुरवातीची मॅच बघा. मोठ्या दोन तालमींची अटीतटीची नको, तिथं आवाज आणि शिव्या दोन्ही जास्त असतात. तीन मॅच बघितल्या की त्यो तुम्हालाच विचारंल, आपण कुठल्या पेठेचे? राजारामपुरीवाल्यांनी काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा.


निवृत्त मास्तर: टाऊन हॉलच्या बागेतून आपण सगळे जातो, आत कितीजण गेलेत? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्यात निघालेल्या वस्तू तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहेत. ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी ब्राँझची मूर्ती ब्रह्मपुरीलाच सापडली. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या देवाला आपल्या नदीकाठी कोणी आणलं असेल, एवढा एकच प्रश्न तिसरीतल्या मुलीला विचारा आणि गप्प बसा.

मी नातीला नेतो तेव्हा नियम एकच, एका वेळी एकच दालन आणि एकाच वस्तूचं चित्र. तासाभरात बाहेर. सगळं एका दिवसात उरकायला गेलात तर ती पुन्हा येणार नाही. पुढच्या रविवारी राजारामपुरीतलंच चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय घ्या, तुम्हाला चालत जाता येईल. अभिनेते म्हणून त्यांना सगळे ओळखतात, त्यांची निसर्गचित्रं मात्र आपल्याच गल्लीतल्या लोकांनी पाहिलेली नसतात.


उसाच्या रानातली: ताई, तुम्ही मोक्याच्या महिन्यात विचारलंय. गुऱ्हाळं चालू झालीत.

आता पहिल्यासारखी गावोगाव राहिली नाहीत, ऊस कारखान्याला जातो. पण वडणगे-चिखलीच्या बाजूला अजून धूर दिसतो. तिकीट नाही, पाटी नाही. ओळखीतून जायचं, नाहीतर गाडी लावून सरळ "मालक, पोरास्नी दाखवायचं होतं" म्हणायचं. नाही म्हणणारा क्वचित भेटेल. जाताना मोकळी बाटली आणि डबा न्या, काकवी आणि गूळ विकत घ्या. फुकट खाऊन यायचं नाही, त्यांच्या पोटाचा धंदा आहे.

सकाळी लवकर पोचा. चरकातून रस पडतो तिथपासून बघितलं तरच मजा. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत चढतो, चुलवाणाला (खालच्या भट्टीला) चिपाडं सारणारा माणूस वेगळा, मळी म्हणजे रसातली घाण काढणारा वेगळा. भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ते मुलीला मुद्दाम दाखवा. घरची भेंडी न खाणारी पोरंसुद्धा तिथं तोंड उघडं टाकून बघतात. एक आधण (एका वेळचा काहीलभर रस) उतरायला दोन-अडीच तास सहज जातात. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी बघतो आणि मग सगळ्यांची एकदम धांदल, काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौदात रिकामी. तेवढा वेळ मुलीचा हात घट्ट धरा, चटका साधा नसतो. उसाच्या कांडीला गरम गूळ गुंडाळून देतील. सासूबाईंना खुर्ची मिळेल, पायरी एकही नाही. येताना प्रयाग चिखलीच्या संगमावर थांबा, पंचगंगा तिथून पुढं पंचगंगा होते.


मिरजकर_तिकटी: दोघांच्या संध्याकाळीबद्दल. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि आमच्यासारख्यांचा शनिवार पोरका झाला. पण गाव थांबलेलं नाही. देवल क्लबात गाण्याची मैफल असते, दसरा चौकात शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन नाहीतर व्याख्यान असतं. स्थानिक वर्तमानपत्रात 'आजचे कार्यक्रम' असा छोटा रकाना येतो, तो वाचायची सवय लावा. मोबाईलवर सापडत नाही ते तिथं सापडतं. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग लागले की आम्ही दोघं जमेल तितके बघतो, तिकीट अगदी कमी. निम्मी नाटकं फसतात. फसलेल्या नाटकावर घरी येईपर्यंत भांडण्यात जो आनंद आहे तो चांगल्या नाटकात नाही. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध. आमच्या हिला उकळल्याशिवाय चालत नाही, ती मला पिताना नुसती बघते.


राजारामपुरीची सून: सगळ्यांना धन्यवाद! @मिरजकर_तिकटी, तुमच्या 'हिच्या' बाजूनं मी. @मास्तर, मांडऱ्यांचं संग्रहालय आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि लग्नाला सोळा वर्षं होऊन मी आत गेलेली नाही. हे यांना सांगू नका. सासूबाईंसाठी अजून एखादं? देवाचं असेल तर त्या गुडघे विसरतात.


निवृत्त मास्तर: मग खिद्रापूर. थोडं लांब आहे, शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी, पूर्ण दिवस धरा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्पर नाही, गोल आकाश दिसतं. कळसापेक्षा तिथं खाली बसून वर बघण्यात सुख. सासूबाई दर्शन करून मंडपात बसतील, तोवर मुलीला बाहेरून भिंतीखालचे हत्ती मोजायला लावा. दोनदा मोजले की दोन आकडे येतात, तिसऱ्यांदा ती आपणहून मोजते. वाटेत नृसिंहवाडी आहेच. तिथली कवठाची बर्फी घेतल्याशिवाय येऊ नका. दत्ताच्या वारांना आणि पौर्णिमेला मात्र गर्दीत सापडाल.


तालमीतला: आणि दाजीपूर राहिलं. गवं बघायला मिळत्यात. पण आधी वनखात्याकडं चौकशी करून निघा, पावसाळ्यात बंद असतं. आणि गवा दिसलाच पाहिजे म्हणून पोरांना शब्द देऊ नका. आम्ही दोनदा जाऊन शेणच बघून आलोय.


राजारामपुरीची सून: (आठ दिवसांनी) हालहवाल देते.

गुऱ्हाळाला गेलो. ओळख कुणाची नव्हती, @उसाच्या_रानातली म्हणाल्या तसं गाडी लावून विचारलं. मालकांनी आधी चहा दिला, मग चुलवाण दाखवलं. मुलीला वाटलं होतं गूळ कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातच तयार होतो. मळी वर आली तेव्हा ती ओरडली, "भेंडीनं घाण काढली!" आणि रात्री ताटात भेंडी होती, ती खाल्ली. हे मला पुण्यात अकरा वर्षांत जमलं नव्हतं. सासूबाईंनी गुळव्याला त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगून त्याचं कामच थांबवायची वेळ आणली. खर्च पेट्रोल धरून सातशे, त्यात दोन किलो गूळ आणि बाटलीभर काकवी.

मुलगा गुऱ्हाळाला आला नाही. शेजारच्या काकांबरोबर शाहू स्टेडियमला गेला आणि घसा बसवून आला. दोन दिवस झाले, जेवताना दिलबहारचं सांगतोय. यांचं बालपण पाटाकडीलच्या बाजूला गेलंय, त्यामुळं आमच्याही घरात जेवताना शांतता सुरू झाली आहे.

दोघांची संध्याकाळ राहिलीच. पुढच्या शनिवारी ठरवतोय.

एक तातडीचा प्रश्न. मुलीच्या शाळेच्या पांढऱ्या टी-शर्टवर काकवी सांडलीय आणि सोमवारी पीटी आहे. काय करू?


उसाच्या रानातली: गरम पाण्यात भिजत घाला, साखरच आहे, सुटते. घासायला लगेच जाऊ नका. आणि शाळेचा टी-शर्ट घालून गुऱ्हाळाला कोण पाठवतं हो ताई?