परिवीक्षेवर सोडलेल्या मुलाचं पुढे काय

काही जण म्हणतात की गुन्ह्यात सापडलेली नाशिकच्या सातपूर-सिडकोची मुलं बाल न्याय मंडळासमोरून सुटतात आणि पुन्हा त्याच टोळक्यात दिसतात, म्हणून त्यांना निरीक्षणगृहातच (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) ठेवावं. मला हे पटत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ मध्ये समज, गट समुपदेशन, सामुदायिक सेवा आणि कमाल ३ वर्षांची परिवीक्षा (चांगल्या वागणुकीच्या अटीवर, देखरेखीखाली घरी सोडणं) हे पर्याय आहेत. ते फसतात ते आखणीत.

पहिली चूक सामाजिक तपासणी अहवालात होते, म्हणजे परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला देतो त्या अहवालात. मुदत १५ दिवसांची, आणि गृहभेट दुपारी, आईवडील कंपनीत असताना. मग अहवाल शेजाऱ्यांच्या ऐकीव माहितीवर उभा राहतो. भेट रात्री आठनंतर किंवा सुट्टीच्या दिवशी घ्या आणि दोनच गोष्टी नीट शोधा: मुलगा कुणाचं ऐकतो (मामा, आजी, गॅरेजवाला, कुणीही), आणि दिवसातली कोणती वेळ धोक्याची. बहुधा ती संध्याकाळच असते. क्लास, तालीम, काम नेमकं त्याच वेळेत बसवा.

सामुदायिक सेवा १४ वर्षांवरच्या मुलांनाच देता येते. स्वतःच्या गल्लीत झाडू देऊ नका. ओळख उघड होते, जे मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करणाऱ्या कलम ७४ च्या हेतूला धरून नाही, आणि मुलगा चिडतो. वृद्धाश्रम किंवा बाग बरी, देखरेखीला माणूस मात्र कायम तोच हवा.

शाळा अर्धवट सुटली असेल तर दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) लगेच भरा. तारीख गेली की वर्ष गेलं.

हजेरी चुकली तर लगेच मंडळाकडे तक्रार नको. दोन दिवसांत घरी जा.