मदत हवी आहे: अनेक समस्यांपैकी आधी कोणती हाती घ्यावी?

मी पर्यवेक्षणाखाली काम करणारी शिकाऊ समुपदेशक आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका प्रौढ क्लायंटने पहिल्याच भेटीत झोप न लागणे, कामातली चालढकल, जोडीदाराशी होणारे खटके आणि वडिलांविषयीचा जुना राग असे सगळे एकदमच मांडले. त्यांना जोडीदाराच्या विषयापासून सुरुवात करायची आहे, तर माझ्या मते बाकीच्या गोष्टींना खतपाणी मिळते ते झोपेच्या तक्रारीतून.

आत्महत्येचे विचार, हिंसा आणि व्यसन यांविषयी थेट विचारले आहे. तातडीचा धोका नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचे गुण १० ते १४ या मध्यम पट्ट्यात असून मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य आहे. शारीरिक तपासणी झाली आहे, औषधे चालू नाहीत. आधी जिवाला धोका, मग उपचारात अडथळा आणणारे वर्तन आणि मग जीवनमान, हा डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीतला क्रम मला ठाऊक आहे, पण इथे पहिल्या दोन पायऱ्या रिकाम्याच आहेत आणि खरा गुंता तिसरीवर आहे. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीप्रमाणे, आम्ही दोघांनी कागदावर समस्यांचा आराखडाही काढला, तेव्हा भांडणाच्या रात्री झोप उडते आणि अपुऱ्या झोपेनंतर भांडण होते, असे बाण दोन्ही दिशांनी निघाले. सत्रे मोजकीच मिळणार असल्याने दोन्ही विषय समांतर चालवणे शक्य नाही.

अशा वेळी क्लायंटचा प्राधान्यक्रम आणि आपले आकलन यांपैकी कशाला झुकते माप द्यावे, हे आपण कोणत्या निकषांवर ठरवता, आणि वेगळा क्रम सुचवताना आपले म्हणणे डावलले गेले असे त्यांना वाटू नये म्हणून तो कोणत्या शब्दांत मांडता?