ग्योटिंगेन: एवढ्याशा गावात एवढी माणसं का जमली, आणि दोन दिवसांत काय पाहावं?

पाणपोई:
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये दोन दिवस हाताशी आहेत. गणिती गाऊस आणि हिल्बर्ट, परीकथांचे ग्रिम बंधू ही नावं माहीत आहेत, पण गावाची घडण कळत नाही. हायडेलबर्गसारखा किल्ला नाही, मोठी नदी नाही, ही मोठी राजधानीही कधी नव्हती. मग हे लोक इथेच का आले? आणि ज्याला या इतिहासात रस आहे त्याने नेमकं कुठे पाय थांबवावेत? पर्यटन पत्रकात फक्त हंसवाल्या मुलीचा पुतळा दिसतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनी_पेठ:
का जमले, याचं उत्तर एका माणसाच्या कारभारात आहे. गेर्लाख आडोल्फ फोन म्युन्शहाउझेन हा, ग्योटिंगेन ज्या हानोफर राज्यात होतं, त्याचा मंत्री आणि इथल्या विद्यापीठाचा पहिला पालक-अधिकारी. हानोफरचा राजा तोच इंग्लंडचा राजा, दुसरा जॉर्ज. शेजारच्या प्रशियाकडे हाले इथे नामांकित विद्यापीठ होतं आणि हानोफरला आपले अधिकारी आणि वकील आपल्याच राज्यात शिकून तयार व्हायला हवे होते. १७३४ मध्ये शिकवणं सुरू झालं, १७३७ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. गाव तेव्हा खंगलेलं होतं. हान्सा या उत्तर युरोपीय शहरांच्या व्यापारी संघातले चांगले दिवस १५७२ मध्येच सरले होते. थोडक्यात, विद्यापीठ हा त्या गावाचा दुसरा जन्म.

म्युन्शहाउझेनने तीन गोष्टी केल्या. पगार भरघोस ठेवून दुसऱ्या विद्यापीठांतली माणसं ओढली. धर्मशास्त्र विभागाला इतर विभागांच्या लिखाणावर असलेला तपासणीचा हक्क दिलाच नाही. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, कारण इतरत्र वैद्यक किंवा तत्त्वज्ञानातलं एखादं मत धर्मपंडितांना खटकलं की माणूस अडचणीत यायचा. आणि तिसरं, ग्रंथालय.

ग्रंथालयाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण माझ्या मते खरी किल्ली तिथेच आहे. इतर ठिकाणी ग्रंथालय म्हणजे राजाची शोभेची तिजोरी. इथे पुस्तकं वापरासाठी घेतली जायची आणि विद्यार्थ्यांनाही घरी मिळायची. १७६३ ते १८१२ अशी जवळजवळ पन्नास वर्षं क्रिस्टियान गोटलोब हाइने हे ग्रंथपाल होते. त्यांच्या हाताखाली संग्रह सुमारे ६० हजारांवरून २ लाखांवर गेला. खरेदीमागे पद्धत होती. १७३९ पासून इथून पुस्तक-परीक्षणांचं नियतकालिक निघायचं (ते आजही निघतं). परीक्षणासाठी नवी पुस्तकं यायची, आणि कुठलं घ्यायचं हे जाणकारांच्या मतावरून ठरायचं. आलेल्या पुस्तकाची नोंद तीन जागी व्हायची: आवक वहीत, लेखकांच्या अकारविल्हे यादीत आणि विषयवार यादीत. तिन्ही नोंदी एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे कुठल्याही टोकाने शोधलं तरी पुस्तक सापडायचं. अलेक्झांडर फोन हुम्बोल्टपासून हाइनरिश हाइनेपर्यंत अनेकांनी इथे धडे घेतले त्याचं हे एक मोठं कारण. (कवी हाइने वेगळे, ग्रंथपाल हाइने वेगळे. मराठीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, गल्लत करू नये.)

त्रिज्या:
जुनी_पेठ यांनी छान मांडलंय, फक्त एक जोड हवी. हे स्वातंत्र्य राज्यकर्त्यांच्या मर्जीवर उभं होतं आणि ते दोनदा कोसळलं.

पहिल्यांदा १८३७ मध्ये. जूनमध्ये चौथा विल्यम वारला. इंग्लंडची गादी व्हिक्टोरियाकडे गेली, पण हानोफरच्या वारसा नियमाने तिथे पुरुष वारस असताना स्त्री गादीवर येऊ शकत नव्हती, म्हणून तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट राजा झाला. त्याने १ नोव्हेंबरला १८३३ ची राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला: डालमान, आल्ब्रेश्ट, याकोब आणि विल्हेल्म ग्रिम, गेर्विनुस, एवाल्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर. त्यांचा मुद्दा साधा होता. आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती राजाच्या हुकमाने सुटत नाही. विद्यार्थ्यांनी निषेधपत्राच्या हातानं नकला करून ते राज्यभर पोचवलं. डिसेंबरमध्ये सातही जण बडतर्फ झाले. डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस यांना तीन दिवसांत राज्याबाहेर जावं लागलं. विद्यापीठाची शताब्दी त्याच सप्टेंबरात थाटात झाली होती. विल्हेल्म चौकातलं सभागृह त्या शताब्दीचं आहे, समोर चौथ्या विल्यमचा पुतळा आहे. तिथे उभं राहून हे दोन्ही प्रसंग एकत्र आठवावेत. आजच्या मुख्य संकुलातल्या चौकाला या सातांचं नाव आहे.

दुसऱ्यांदा १९३३ मध्ये, आणि यातून विद्यापीठ पूर्ण सावरलंच नाही. त्याआधीची चाळीसेक वर्षं गणिताची राजधानी इथे होती. १८८६ मध्ये क्लाइन आले, १८९५ मध्ये हिल्बर्ट, १९०२ मध्ये मिन्कोव्स्की. गणिती एमी न्योटर १९१५ मध्ये आल्या. स्त्री म्हणून अध्यापनाचा हक्क मिळेना, तेव्हा त्यांची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर व्हायची. तो हक्क त्यांना १९१९ मध्ये मिळाला. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न आणि जेम्स फ्रांक १९२१ पासून होते, आणि १९२५ मध्ये हायझेनबर्ग, बोर्न, योर्डान यांनी पुंजयामिकीची (अणूच्या पातळीवरच्या भौतिकीची) पहिली नीट मांडणी इथे केली.

७ एप्रिल १९३३ ला ज्यू आणि नकोशा सरकारी नोकरांना काढण्याचा कायदा झाला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्यात सूट होती. फ्रांक यांना ती लागू होत होती, तरी त्यांनी १७ एप्रिलला राजीनामा दिला आणि कारण जाहीर सांगितलं. त्यावर इथल्याच ४२ अध्यापकांनी पत्रक काढलं, फ्रांक यांच्या विरोधात. पुढच्या काही दिवसांत बोर्न, कूरांट, न्योटर यांना कामावरून दूर केलं. गणिती लांडाउ यांच्या वर्गावर नोव्हेंबरात विद्यार्थ्यांनीच बहिष्कार घातला. हे सगळं बर्लिनहून लादलं गेलं असं म्हणता येत नाही: जुलै १९३२ च्या निवडणुकीत या गावाने निम्म्याहून अधिक मतं नाझी पक्षाला दिली होती. विद्यापीठाचं गाव म्हणजे उदारमतवादी गाव, हे गृहीत धरून इथे येऊ नका.

मोडी_वाचक:
आपल्या लोकांसाठी या गावात आणखी एक धागा आहे, तो पुण्याशी जोडलेला. फ्रान्ट्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, १८८२ पासून १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ग्योटिंगेनला. पतंजलीच्या महाभाष्याची (संस्कृत व्याकरणावरच्या प्राचीन ग्रंथाची) त्यांची तीन खंडांतली आवृत्ती मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १८८० ते १८८५ मध्ये निघाली. आजही जगभर महाभाष्याचा संदर्भ देताना कीलहॉर्न आवृत्तीचा खंड, पान आणि ओळ सांगतात. पुढे काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी पुण्यात भांडारकर संस्थेतून तिची सुधारून नवी आवृत्ती काढली, तेव्हाही मूळ पान-ओळींचा हिशेब सोडला नाही. सोडला असता तर ऐंशी वर्षांचे संदर्भ निकामी झाले असते.

ग्योटिंगेनला गेल्यावर त्यांनी शिलालेख आणि ताम्रपट हाती घेतले. कालगणना पक्की करण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. लेखात संवत्, महिना, तिथी आणि वार असतो. संवताचा आरंभ अमुक वर्षी धरला तर त्या तिथीला तो वार येतो का, हे गणिताने तपासायचं. एका लेखात जुळणं हा योगायोग असू शकतो, कारण वार सातच. म्हणून अनेक लेख घ्यायचे, आणि ज्या आरंभाने बहुतेक सगळे जुळतात तो खरा. फसगत दोन ठिकाणी होते: वर्ष चालू की गत (पुरं झालेलं), आणि महिना पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) की अमान्त (अमावास्येला संपणारा). हे पर्याय वेगवेगळे मांडून पाहिले नाहीत तर चांगला लेखही खोटा वाटतो. कलचुरी संवताचा आरंभ इ.स. २४८-४९ च्या सुमारास, हे याच वाटेने ठरलं.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. आणि वरच्या सातांपैकी एवाल्ड हेही प्राच्यविद्येचेच.

पायवाट:
आता चालण्याचं. गाव लहान आहे, जुन्या भागात वाहन लागत नाही.

स्टेशनपासून बाजारचौक पायी दहा मिनिटं. हंसवाली मुलगी, गेन्झेलीझल, जुन्या नगरभवनासमोर १९०१ पासून आहे. नवे विद्यार्थी तिचं चुंबन घेत, म्हणून १९२६ मध्ये बंदी आली; आता ती चाल नव्याने पीएच.डी. झालेल्यांची आहे. तोंडी परीक्षा झाली की मित्रमंडळी त्यांना सजवलेल्या हातगाडीतून आणतात, मग कारंज्यावर चढून फुलं आणि चुंबन. चौकात दिसते ती प्रतिकृती, मूळ मूर्ती शहर संग्रहालयात आहे.

तिथून दक्षिणेकडे जुन्या तटाच्या बांधावर चढा. तटबंदी गेली, मातीचा बांध राहिला, वर झाडांतली पायवाट आहे. पूर्ण फेरीला तासभर पुरतो. वाटेत बिस्मार्क विद्यार्थी असताना १८३३ मध्ये राहिला ते छोटं घर लागतं, आणि गाऊस-वेबर यांचं स्मारकही: बसलेले गाऊस, उभे वेबर. स्मारक तारयंत्राचं आहे. १८३३ मध्ये दोघांनी भौतिकी विभाग ते वेधशाळा अशी सुमारे एक किलोमीटर दुहेरी तार छपरांवरून, योहानिस चर्चच्या मनोऱ्यावरून ओढली. वेधशाळेतल्या वेटोळ्यात प्रवाह आला की टांगलेली चुंबकपट्टी किंचित डावी-उजवीकडे वळायची. वळण डोळ्याला दिसण्याइतकं मोठं नसायचं, म्हणून पट्टीला आरसा आणि समोर दुर्बीण व मोजपट्टी. डाव्या-उजव्या वळणांच्या क्रमाने अक्षर ठरायचं. १८४५ मध्ये वीज कोसळून तार नष्ट झाली.

गाऊस यांची कबर तटाच्या आग्नेयेला, आल्बानी दफनभूमीत. वेधशाळा तिथून जवळ, पण आत रोज प्रवेश नसतो. विल्हेल्म चौकातल्या सभागृहातली विद्यार्थी-कोठडी (शिक्षा म्हणून विद्यार्थ्यांना कोंडायची जागा, भिंतभर त्यांनीच काढलेली चित्रं) फक्त मार्गदर्शकासोबत दाखवतात. आधी नाव नोंदवलं नाही तर दारातून परतावं लागतं.

पाणपोई:
सर्वांचे मनापासून आभार. तारखांमुळे काही अडचण? आणि घरांवर पांढऱ्या पाट्या असतात म्हणे, त्या कशा वाचायच्या?

पायवाट:
३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद, रविवारीही तेच. म्हणून लागेल ते आदल्या दिवशी घ्या. संग्रहालयं सोमवारी टाळा. हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण व्याख्यानं महिन्याच्या उत्तरार्धात, त्यामुळे गाव थोडं रिकामं दिसेल. गुटेनबर्ग बायबलची (युरोपातल्या सुरुवातीच्या छापील ग्रंथाची) चर्मपत्रावरची संपूर्ण प्रत इथे आहे, पण ती क्वचितच मांडतात. ती संगणकावर पाहून जा.

त्रिज्या:
पाट्यांची प्रथा १८७४ पासूनची. संगमरवरावर नाव, बहुधा पेशा आणि त्या घरातल्या वास्तव्याची वर्षं, बस. मृत व्यक्तींनाच पाटी मिळते. वाचताना वर्षांकडे बघा. बऱ्याच पाट्या विद्यार्थिदशेतल्या एकदोन वर्षांच्या आहेत, नंतरच्या कीर्तीच्या नाहीत. एकाच माणसाच्या दोन घरांवर दोन पाट्याही असू शकतात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ शहर दफनभूमीसाठी ठेवा. स्टेशनच्या पश्चिमेला, पायी पंचवीसेक मिनिटं. प्लांक, बोर्न, हान, फोन लाउए, नेर्न्स्ट, वालाख, विंडाउस, झिगमोंडी असे आठ नोबेल मानकरी आणि शिवाय हिल्बर्ट तिथे आहेत. कबरी एका रांगेत नाहीत, विखुरलेल्या आहेत, तेव्हा फाटकाशी असलेल्या नकाशाचा फोटो काढून मगच आत शिरा. बोर्न यांच्या दगडावर स्थान आणि संवेग यांच्या गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे समीकरण कोरलंय. ते निवृत्तीनंतर जर्मनीला परतले आणि १९७० मध्ये याच गावात वारले.