पॉइंट रेझचे गोठे : समुद्रकाठच्या दूधउत्पादकांविषयी माहिती हवी

माळरान (भूम, जि. धाराशिव) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुढील महिन्यात दुग्धव्यवसायाच्या इतिहासावर बोलायचे आहे. भूम, वाशी आणि परंडा भागांतील खवाभट्ट्यांविषयी पुरेशी सामग्री जवळ आहे. परंतु श्रोत्यांपुढे तुलनेसाठी दुसऱ्या मुलखातील एखादी लहानशी दूधउत्पादक वस्ती ठेवावी, असा विचार आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येस पॉइंट रेझ नावाचे द्वीपकल्प आहे, तेथे १८५० च्या दशकापासून गाईंचे गोठे होते आणि आता ते बंद होत आहेत, एवढे वाचनात आले. ज्या काळी मोटार नव्हती आणि शीतगृह नव्हते, त्या काळी तेथील माणसे दुधाचे करीत काय होती? आणि पिढ्यानपिढ्या गोठा सांभाळणाऱ्या कुटुंबांना उठून जावे लागते, तर ती जमीन मुळात त्यांची होती की नव्हती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदाकाठ (नांदेड) यांचे उत्तर

माळरान सर, आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तोच आधी घेतो. ही भूमी प्रथम कोस्ट मिवोक या आदिवासी समाजाची. स्पॅनिश मिशनऱ्यांनी १८१७ मध्ये जवळच सॅन राफाएल येथे ठाणे मांडल्यावर त्यांच्या वस्त्या विस्कटल्या, आणि पुढे मेक्सिकोच्या अमलात हेच माळ मोठमोठ्या इनामांच्या रूपाने मोजक्या लोकांच्या हाती गेले. त्या इनामदारांनी गुरे पाळली ती मुख्यतः कातडी आणि चरबीच्या व्यापारासाठी. दुधाला तेव्हा विचारणारे कोणी नव्हते. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला, सोन्याच्या मागे धावणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को भरून गेले आणि त्या शहराला लोणी हवे झाले. तोवर लोणी पूर्व किनाऱ्यावरून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाजाने येत असे, त्यामुळे ते हाती पडेपर्यंत पुष्कळदा खवट झालेले असे.

इनामांच्या मालकीचा गुंता मात्र आपल्या कोणत्याही तहसिलीला शोभेल असा होता. अँड्र्यू रँडल नावाच्या गृहस्थाने कर्जाच्या जोरावर येथील जमीन मिळवली. १८५६ मध्ये त्याच्या एका धनकोने त्याला गोळी घालून ठार केले आणि त्यानंतर जे दावे माजले त्यांतून शेवटी जवळजवळ अख्खे द्वीपकल्प शाफ्टर बंधूंच्या वकिली पेढीच्या पदरात पडले. (वकिलाच्या फीपायी वावर गेल्याच्या कथा आपल्याकडे गावोगावी आहेत, किनाराच्या किनारा गेल्याची ही पहिलीच ऐकतो आहे.) ऑस्कर आणि जेम्स हे दोघे शाफ्टर बंधू आणि ऑस्करचा जावई चार्ल्स वेब हॉवर्ड यांनी जमीन विकली नाही. तिचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यावर घर, गोठा आणि लोण्याचे दालन बांधून ते खंडाने दिले. गोठ्यांना नावे देण्याच्या भानगडीत न पडता बहुतेकांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली; टोकावरच्या दीपगृहाकडील गोठा ‘ए’, त्याच्या पुढचा ‘बी’, आणि असेच ‘झेड’पर्यंत. पुष्कळ गोठे अगदी अलीकडेपर्यंत त्याच अक्षरांनी ओळखले जात.

खंडकरी होते ते बहुधा आयरिश, स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातील इटालियन भाषक आणि अझोर्स बेटांवरील पोर्तुगीज. एक जण स्थिरावला की तो गावाकडच्या भावकीला बोलावून घेई. नवा आलेला माणूस प्रथम दुसऱ्याच्या गोठ्यात सालगड्यासारखा राबे आणि पैसा साठला की स्वतः गोठा घेई. गंमत अशी की खंडात केवळ जमीन आणि घर नव्हते, गाईसुद्धा मालकाच्याच असत आणि खंड दर गाईमागे ठरे. खंडकऱ्याचे स्वतःचे म्हणावे तर घरातले सामान, अवजारे आणि डुकरे.

माणसे तेथेच का टिकली याचे कारण धुके. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, परंतु समुद्रावरून येणारे दाट धुके ऐन उन्हाळ्यातही किनाऱ्यालगतच्या गवतात ओल टिकवते. कडब्याच्या गंजीकडे पाहत मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या भागातील पशुपालकाला याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कुंथलगिरीरस्ता (ता. भूम) यांचे उत्तर

माळरानदादा, दुधाचे काय करीत, याचे उत्तर आपल्याच भट्टीशी ताडून पाहा. तेथे धारा काढलेले दूध उथळ, पसरट पत्र्याच्या पात्रांत ओतून थंड दालनात साय वर येईपर्यंत ठेवीत. मग साय पसरट पळीने अलगद ओढून मोठ्या लाकडी पिंपात घुसळीत. मोठ्या गोठ्यांवर हे पिंप फिरवण्यासाठी घोड्याला फिरत्या फळ्यांच्या पट्ट्यावर चालवीत. लोण्याचा गोळा जमला की पाणी नितळ निघेपर्यंत तो झऱ्याच्या पाण्याने धूत, मीठ मळत, साच्यात दाबत आणि वर पॉइंट रेझच्या आद्याक्षरांचा ठसा उमटवीत. या ठशाच्या लोण्याला सॅन फ्रान्सिस्कोत एवढा भाव आला की इतर व्यापारी हलक्या मालावर तसाच ठसा मारू लागले. खाडीच्या आडोशाला शिडाची जहाजे लागत आणि माल समुद्रमार्गे शहरात जाई. १८७५ मध्ये टोमालेस खाडीपर्यंत रेल्वे आली तरी द्वीपकल्पाच्या टोकाकडील गोठ्यांना जहाजच सोयीचे होते.

व्याख्यानात एक फरक आवर्जून सांगा. आपण खवा करतो तेव्हा म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर माल उतरतो आणि मागे काही उरत नाही, कारण जे जायचे ते वाफ होऊन गेलेले असते. लोण्याचे तसे नाही. साय काढून घेतली की दुधाचा फार मोठा भाग जसाच्या तसा उरतो आणि तो शहरात नेणे परवडत नाही. म्हणूनच तेथे प्रत्येक गोठ्यामागे डुकरे होती. उरलेले दूध त्यांना पाजीत आणि पोसलेली डुकरे जिवंतच त्याच जहाजांतून बाजारात धाडीत. खंडकऱ्याची डुकरे त्याच्या मालकीची असत, असे वर गोदाकाठ यांनी लिहिले आहे. म्हणजे या उरलेल्या दुधाचा पैसा त्याच्या गाठीला राहात असावा, असा माझा अंदाज.

दुसरा फरक सरपणाचा. खव्याला जाळ लागतो आणि माणूस कढईला बांधलेला राहतो. उलथणे क्षणभर थांबले तर दूध तळाला लागते आणि करपट वासाने सगळा घाणा हलक्या भावात जातो. त्यांना जाळाची गरज नव्हती, गारवा हवा होता, आणि तो धुक्याने व झऱ्यांनी फुकट पुरवला. बालाघाटाच्या उन्हात पात्रात साय धरत बसलो असतो तर दूध नासले असते. आपल्या आजोबांनी लोण्याऐवजी कढई चढवली ती काही हौसेने नव्हे.

माळरान (भूम)

दोघांचेही आभार. डुकरांचा मुद्दा मला सुचलाच नसता. परंतु जमीन वकिलांच्या पेढीची होती, तर आज जी कुटुंबे बाहेर पडत आहेत ती कुळेच आहेत काय? आपल्याकडे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्यांना संरक्षण आणि पुढे मालकीचा मार्ग मिळाला. तसे काही तेथे झाले काय?

कोर्टरोड (लातूर) यांचे उत्तर

माळरान सर, तेथे कुळकायदा झाला नाही. जे झाले ते खरेदीखतांनी झाले. १९१९ पासून मालकांच्या वारसांनी टप्प्याटप्प्याने जमिनी विकायला काढल्या आणि अनेक खंडकऱ्यांनी आपण कसत असलेला गोठाच विकत घेतला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील पुष्कळशी कुटुंबे खरोखरीच मालक होती. पुढे मोटारी आणि शीतकरण आल्यावर लोणी मागे पडले आणि ताजे दूधच शहरात जाऊ लागले, तेही याच मालकांच्या काळात.

मालकी गेली ती यानंतर, आणि तीही किंमत चुकती होऊन. सॅन फ्रान्सिस्को वाढत होते, किनाऱ्यावर बंगल्यांचे भूखंड पडू लागले होते आणि जमिनीच्या करामुळे गोठा चालवणे जड जात होते. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पॉइंट रेझ राष्ट्रीय समुद्रकिनारा (म्हणजे राष्ट्रीय उद्यानासारखे संरक्षित क्षेत्र) स्थापन करणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढे, विशेषतः १९७० मध्ये संसदेने निधी वाढवल्यावर, सरकारने गोठ्यांच्या जमिनी विकत घेतल्या आणि विक्रेत्यांनी त्याच जागी ठरावीक वर्षे अथवा हयातभर राहून जनावरे पाळण्याचा हक्क राखून ठेवला. ती मुदत सरल्यावर भाडेपट्टे आले. शाफ्टरच्या खंडकऱ्यांचे वंशज या मार्गाने पुन्हा खंडकरी झाले, फक्त मालकाच्या जागी सरकार आले.

माझ्या मते सगळी मेख येथेच आहे. रक्कम घेतलेली असल्यामुळे ‘आमची जमीन’ असा दावा कायद्यात टिकत नाही. आणि लहान मुदतीच्या पट्ट्यावर नवा गोठा अथवा शेणाची नीट टाकी बांधायला कोणी हात घालत नाही, मग अस्वच्छतेचा ठपका पुन्हा त्याच्याच माथी येतो. २०२१ मध्ये वीस वर्षांचे पट्टे देण्याचे धोरण ठरले, त्यावर पुढच्या वर्षी पर्यावरण संस्थांनी दावा लावला आणि जानेवारी २०२५ मध्ये तडजोड जाहीर झाली. त्यानुसार उद्यानातील १४ पैकी १२ पशुपालकांनी मोबदला घेऊन सुमारे १५ महिन्यांत व्यवसाय आवरण्याचे मान्य केले. हा पैसा सरकारने दिला नाही, एका खासगी निसर्गसंवर्धन संस्थेने उभा केला.

गौताळा (कन्नड) यांचे उत्तर

कोर्टरोड सर, आपल्या लिखाणात पशुपालकांकडे थोडे माप अधिक पडले आहे, असे नम्रपणे सुचवतो. जमीन सार्वजनिक पैशातून घेतलेली आहे आणि गोठ्यांतील शेणमूत पावसाळ्यात ओढ्यांवाटे खाडीत उतरते, ही तक्रार निराधार नव्हती. शिवाय तेथे ट्यूल एल्क नावाची मोठी हरणे आहेत. एकोणिसाव्या शतकात या भागातून ती नाहीशी झाली होती. १९७८ मध्ये काही जनावरे पुन्हा आणून सोडली आणि गाईंच्या कुरणांपासून ती वेगळी राहावीत म्हणून कुंपण घातले. दुष्काळात कुंपणाआड हरणे मेली तेव्हा लोकमत फिरले. आमच्या गौताळा औट्रमघाटाला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे गुराख्याची बाजू आणि जंगलाची बाजू या दोन्ही मी एकाच पारावर ऐकत आलो आहे. दोघेही बहुधा खरे बोलत असतात, आणि म्हणूनच नकाशावर रेघ ओढून भांडण मिटत नाही.

कोर्टरोड (लातूर)

गौताळा सर, ओढ्यांचा आणि हरणांचा मुद्दा मान्य आहे. मात्र माळरान सरांनी व्याख्यानात तिसरा पक्ष विसरू नये. या गोठ्यांवर धारा काढणारे मजूर अलीकडच्या काळात मुख्यत्वे मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेले होते आणि पुष्कळांची बिऱ्हाडे गोठ्याच्याच आवारात होती. तडजोड झाली ती पट्टेदार, सरकार आणि दावा लावणाऱ्या संस्था यांच्यात. मजूर त्यात पक्षकार नव्हते. गोठा बंद झाला की त्यांचे काम आणि घर एकाच दिवशी जाते, आणि त्या भागातील घरभाडी गोठ्यावरच्या पगारात बसणारी नाहीत. द्वीपकल्पावरील जुन्या गोठ्यांची नोंद २०१८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत झाली आहे, तेव्हा काही इमारती तरी जपल्या जातील; मजुरांच्या निवाऱ्याचे काय, यावर तेथे अजून वाद चालू आहे. आपल्या श्रोत्यांत सालगडी असतील, तर त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच येईल, म्हणून त्याची तयारी करून जावे.