बीपीपीव्हीची चक्कर: वडिलांच्या हातात गाडी परत कधी द्यायची?

बावडेकर
वडील ५८ वर्षांचे. कसबा बावड्यातून शिये मार्गे शिरोली एमआयडीसीला रोज १०० सीसी गाडीवर जातात. कूस बदलली किंवा वर बघितलं की अर्धा मिनिट गरगरतं. डॉक्टरांनी उजव्या कानाचं बीपीपीव्ही (कानातल्या बिघाडानं डोकं हललं की येणारी चक्कर) सांगितलंय. एप्ली (डोकं ठराविक क्रमानं वळवून करायचा उपचार) एकदा झालंय, गोळ्या चालू आहेत. गाडी कधी द्यावी, आणि दिल्यावर काय सांभाळायचं?

तोल_फिजिओ
आज तरी किल्ली तुमच्याकडेच ठेवा. कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला अंग फिरतंय असं वाटतं. झटका मिनिटभरात ओसरतो खरा, पण ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते.

खडे गोळीनं जागेवर जात नाहीत, एप्लीनं जातात, आणि एकदा करून भागेलच असं नाही. उजव्या कानासाठी: पलंगावर पाय लांब करून बसवा, मान ४५ अंश उजवीकडे. तशीच ठेवून झटकन उताणं झोपवा, खांद्याखाली उशी, डोकं थोडं मागं झुकलेलं. गरगर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद थांबा. डोकं ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढंच थांबा. मग सगळं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे. शेवटी हनुवटी खाली ठेवून उठवा. चुकतं ते बहुतेक कुशीच्या टप्प्यात: नाक पुरेसं खाली वळत नाही, खडे नळीतच राहतात. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर घरी करूच नका.

डॉक्टरांनी डोकं मागं झोपवून परत तपासलं, गरगर नाही, बुबुळं थरथरत नाहीत, आणि त्यांनी हो म्हटलं, की मगच गाडी. एप्ली केलेल्या दिवशी तर नाहीच.

बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर कानाचं म्हणून थांबू नका. लगेच १०८.

औषधवाला
गोळ्यांची नावं बघा. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिननं झोप येते, शिवाय लांबवली तर मेंदूचं तोल सावरायला शिकणंही मंदावतं. बीटाहिस्टिननं सहसा झोप येत नाही. बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी असेल तर ५ मिनिटं झोपवून, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ती चक्कर वेगळी, डॉक्टरांना सांगा.

लायसनच्या फॉर्म १ मध्ये अचानक चक्कर येते का, हे सरळ विचारलेलं असतं. तिथं खरंच लिहा.

कोनसेट
परवानगी मिळाल्यावर आधी गाडी तपासा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून फोर्क पुढं-मागं हलवा. खटखट आली तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला. हँडल हळू फिरवताना मधोमध अडकलं तर कोनसेट बदला. अशी गाडी सरळ रस्त्यावरही भटकते, आणि तोल नाजूक असलेल्या माणसाला ते सावरणं जड जातं.

सुरुवात मोकळ्या मैदानात, उजेडी. खरा कस हळू चालवताना लागतो: हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर लांब. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. साइड स्टँड, पेट्रोल कॉक मान न वाकवता पायानं-हातानं चाचपायची सवय लावा. मागचं आरशात बघावं, खांद्यावरून झटक्यानं मान वळवू नये.

शिये रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांना ओव्हरटेक करायची सुरुवातीला गरज नाही. अंधारात तर जाऊच नये, कारण डोळ्यांचा आधार तुटला की सगळा भार कानावर येतो.

झटका आलाच तर: थ्रॉटल सोडा, मान स्थिर, नजर लांबच्या खांबावर, दोन्ही ब्रेक हळू, सरळ रेषेतच डावीकडे या. दोन्ही पाय टेका, इंजिन बंद, स्टँड लावून डाव्या बाजूनं उतरा आणि खाली बसा.

बावडेकर
तोवर मागं बसवून नेलं तर?

तोल_फिजिओ
झटके चालू असताना तेही नको. मागचा माणूस कलला की चालवणाऱ्यालाही घेऊन पडतो. बस किंवा रिक्षा बघा.